नाटकाचे बॅकस्टेज केले आहे, सिंफनी वाद्यवृंदाचे कसे करावे?

पडद्याआड (प्रश्न)

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी पुण्यात प्रायोगिक नाटकांचे आणि एकांकिकांचे बॅकस्टेज करते आहे. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभी राहिले आणि पुढे तिथेच रमले. आता प्रथमच एका वेगळ्या कामासाठी विचारणा झाली आहे. आपल्या शहरातील एका पाश्चात्त्य वाद्यवृंदाची मैफल पुढच्या महिन्यात आहे. त्यात थोडे व्यावसायिक आणि पुष्कळसे हौशी वादक असून मंचव्यवस्थेची जबाबदारी मी घ्यावी असे त्यांचे म्हणणे आहे. पूर्वार्धात मोझार्टची २९वी सिंफनी (म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची दीर्घ रचना) आणि मध्यंतरानंतर ड्वोर्झाकची ९वी, असा कार्यक्रम आहे. तंतुवाद्यांचे वादक ३४ असतील, एवढेच मला कळवण्यात आले आहे.

होकार देण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून लिहीत आहे. नाटकात संहिता माझ्या हातात असते, प्रकाशाचे आणि संगीताचे संकेत मी स्वतः लिहून काढलेले असतात. इथे संहिता म्हणजे नोटेशन, आणि ते मला वाचता येत नाही. मग कशाच्या आधारे काम करावे? आपली नाट्यगृहे अशा मैफलीला कितपत सोयीची आहेत? आणि शेवटचा प्रश्न थोडा खासगी आहे. माझे कान सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात तयार झाले आहेत आणि सिंफनी मी सलग बसून फारशी ऐकलेली नाही. काम करता करता हे संगीत मनापासून ऐकता येईल का, की खुर्च्या मोजण्यातच संध्याकाळ संपेल?

शिसपेन्सिल

होकार द्या. मी मुंबईत बरीच वर्षे वाद्यवृंदांसाठी नोटेशनच्या प्रतींची व्यवस्था पाहिली आणि अधूनमधून मंचही सांभाळला. निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झालो आहे. नाटकाची शिस्त अंगात असलेला माणूस या कामात लवकर रुळतो, असे मी पाहिले आहे.

नोटेशन वाचता आले नाही तरी चालेल, परंतु संपूर्ण स्कोअरचे, म्हणजे सर्व वाद्यांचे नोटेशन एकत्र असलेल्या प्रतीचे, पहिले पान मात्र अवश्य मागून घ्या. कोणती वाद्ये किती आहेत हे तिथे वरपासून खालपर्यंत लिहिलेले असते आणि तीच तुमची पात्रयादी. ड्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत दोन बासऱ्या, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बासून, चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन आणि एक ट्युबा, म्हणजे फुंकून वाजवण्याच्या वाद्यांचे अठरा वादक होतात. त्यांशिवाय टिंपनी (नगाऱ्यासारखी मोठी चर्मवाद्ये), ट्रँगल आणि झांजा आहेत. बासरीवादकांपैकी एकाला पिकोलो ही छोटी बासरीही वाजवावी लागते आणि दुसऱ्या भागासाठी इंग्लिश हॉर्न लागतो. नाव हॉर्न असले तरी हे ओबोच्याच जातीचे वाद्य आहे. तो ओबोवादकांपैकीच कोणी वाजवणार की त्यासाठी वेगळा वादक येणार, हे आधीच विचारून घ्या, कारण वेगळा वादक आला तर एक खुर्ची आणि एक स्टँड वाढतो.

तुमचे ३४ तंतुवादक बहुधा १०, ८, ६, ६ आणि ४ असे विभागलेले असतील, म्हणजे पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास. तंतुवादक दोघांत एक स्टँड वापरतात, त्यामुळे त्यांना १७ स्टँड पुरतात. फुंकवाद्यांच्या वादकांना मात्र प्रत्येकी एक हवा. ते अठरा, टिंपनीचा एक, ट्रँगल-झांजांचा एक आणि कंडक्टरचा, म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकाचा, एक धरला तर ३८ होतात. साध्या खुर्च्या ४८, डबल बाससाठी चार उंच स्टुले आणि टिंपनीवादकाचे एक स्टूल. दोन-चार खुर्च्या आणि दोन स्टँड विंगेत जादा ठेवा. तुमची माणसे वेगळ्या प्रकारे विभागलेली असली तर आकडे बदलतील, पण मोजण्याची रीत हीच.

मोझार्टच्या २९व्या सिंफनीत तंतुवाद्यांखेरीज फक्त दोन ओबो आणि दोन हॉर्न आहेत. म्हणजे मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत तुम्हाला चौदा खुर्च्या आणि त्यांचे स्टँड मांडायचे आहेत. टिंपनी आणि मागचे लाकडी चौथरे आरंभापासूनच जागेवर असू द्या, ते मध्यंतरात हलवण्याच्या फंदात पडू नका. नाटकात नेपथ्याच्या खुणा करता तशाच रंगीत चिकटपट्टीने खुर्च्यांच्या पायांच्या खुणा जमिनीवर करून ठेवल्यात तर तीन माणसांत हे काम आरामात होते.

नाट्यगृहाविषयी विचारलेत ते फार योग्य केलेत. बालगंधर्व रंगमंदिर घ्या किंवा टिळक स्मारक मंदिर घ्या, अशा रंगमंचांना वर उंच पोकळी असते आणि दोन्ही बाजूंना काळे जाड पडदे असतात. नाटकाला ते उपकारक, पण वाद्यवृंदाचा आवाज त्या पोकळीत वर निघून जातो आणि उरलेला पडदे गिळून टाकतात. म्हणून वाद्यवृंद शक्य तितका पुढे, मुख्य पडद्याच्या रेषेबाहेर बसवा. मागे आणि बाजूंना प्लायवूडच्या उंच चौकटी उभ्या करता आल्या तर आवाज प्रेक्षागृहाकडे परततो आणि वादकांना एकमेकांचे ऐकूही येते. ध्वनिव्यवस्थापक आपल्या भल्यासाठी म्हणून मायक्रोफोन लावायला निघेल. त्याला नम्रपणे थांबवा. पन्नास माणसांनी आपसांत साधलेला तोल दोन स्पीकरांतून बाहेर पडताना मोडतो.

प्रकाशासाठी संकेतांची यादी लागत नाही. वादकाच्या डोळ्यावर झळ येऊ नये आणि कागदावर सावली पडू नये, एवढे पाहा. पांढरा प्रकाश वरून द्या आणि रंगीत काचा काढून ठेवा. प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून समोरचा कागद आणि कंडक्टरची जागा या दोन्ही गोष्टी नीट दिसतात का, ते तपासा. याला अर्धा तास लागतो, पण मी तो कधी टाळलेला नाही.

आता माझ्या खास कामाविषयी थोडेसे. व्हायोलिनच्या सगळ्या वादकांचे गज एकाच वेळी एकाच दिशेने जाताना तुम्ही पाहिले असतील. ते आपोआप होत नाही. कोणत्या स्वराला गज ओढायचा आणि कोणत्या स्वराला ढकलायचा हे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख वादक, ठरवतो, इतर विभागांचे प्रमुख त्याच्याशी आपली चिन्हे जुळवून घेतात आणि मग ग्रंथपाल, म्हणजे माझ्यासारखा प्रती सांभाळणारा माणूस, ती चिन्हे प्रत्येक स्टँडवरच्या प्रतीत शिसपेन्सिलीने उतरवतो. शाई कदापि नाही, कारण पुढच्या तालमीत निम्मी चिन्हे बदलतात आणि प्रती भाड्याने आणलेल्या असतील तर शेवटी खोडून परत करायच्या असतात. एका सिंफनीच्या सतरा प्रतींत चिन्हे घालताना संगीत ऐकायला येत नाही असे लोकांना वाटते. माझा अनुभव निराळा आहे. व्हिओलाची प्रत एकटी वाचली की या माणसांनी आतून किती ओझे उचलले आहे ते कळते आणि मैफलीत कान आपोआप तिकडे जातो. प्रत्येक स्टँडवर रबर लावलेली एक पेन्सिल ठेवा. वादक तुम्हाला दुवा देतील.

कोथरूडचा चेलो

वरील प्रतिसादात जवळजवळ सर्व आले आहे. मी हौशी चेलोवादक आहे, दिवसा नोकरी करतो. खुर्चीवर बसणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

मांडववाल्याकडच्या हातांच्या प्लॅस्टिक खुर्च्या कृपया आणू नका. व्हायोलिनवादकाचे कोपर आणि आमचा गज दोन्ही त्या हातांवर आपटतात. बिनहातांची, सपाट बैठकीची, न डुगडुगणारी खुर्ची लागते. चेलोच्या तळाशी लोखंडी टोकदार दांडा असतो आणि तो जमिनीत रुतवून आम्ही वाजवतो. गुळगुळीत फरशीवर किंवा पॉलिश केलेल्या लाकडावर तो सटकतो. एका सभागृहात ऐन वादनात माझा चेलो पुढे घसरला आणि पुढच्या चार ओळी मी दोन्ही गुडघ्यांत वाद्य आवळून कशाबशा वाजवल्या. तेव्हापासून खुर्चीच्या पुढच्या पायांत अडकवायचा पट्टा मी सोबत ठेवतो, पण सगळ्यांकडे तो असेलच असे नाही. मंचावर खिळ्यासारखे टोक चालत नसेल तर सहा चेलोंसाठी फळीचे सहा तुकडे आणि खाली रबर, एवढी तजवीज करून ठेवावी.

ट्रॉम्बोनच्या पुढे सरकत्या नळीसाठी जागा सोडा आणि हॉर्नच्या पाठीमागेही थोडी, कारण त्याचे तोंड मागे असते. हॉर्नवाल्यांच्या खुर्चीखाली एकेक फडके ठेवा, नळ्यांत साचलेले पाणी त्यांना अधूनमधून काढावे लागते.

मैफल पावसाळ्यात आहे हे विसरू नका. टिंपनी बहुधा छोटा हत्तीतून येतील, तेव्हा ताडपत्री आधी सांगून ठेवा आणि उचलणाऱ्यांना बजावा की कडेला धरायचे नाही, खालच्या आधाराच्या दांड्यांना धरायचे. कडेवर जोर आला तर कातड्याचा ताण बिघडतो. टिंपनीवर कोणी डबा किंवा हेल्मेट ठेवू नये. तबल्याला आपण जो मान देतो तोच तिला द्यावा. वाद्ये गवसणीतून काढून किमान दोन तास त्या सभागृहाच्या हवेत राहिली पाहिजेत. बाहेर दमट आणि आत वातानुकूलित थंडावा असला की तारा उतरतात, चढतात, आणि पहिली दहा मिनिटे बेसूर जातात. एसीची झोत थेट स्टँडवर येत असेल तर पाने उडतात, म्हणून कपड्यांचे लाकडी चिमटे जवळ असू द्या.

तुम्ही विचारलेल्या शेवटच्या प्रश्नावर माझे उत्तर 'हो' असे आहे, पण त्यासाठी तालमींना या. मैफलीत सलग पंचेचाळीस मिनिटे वाहून जाणारी रचना तालमीत तुकड्यातुकड्यांत उलगडून दाखवली जाते. कंडक्टर फक्त बासून आणि चेलोंना एकत्र वाजवायला लावतो, मग त्यावर क्लॅरिनेट चढवतो, आणि आपल्याला वाटते की अरे, हे सगळे आत होते तर.

रविवारचा श्रोता

मी वादक नाही आणि मंचावरही कधी गेलेलो नाही. साधारणतः फेब्रुवारीत आणि सप्टेंबरच्या सुमारास मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफली असतात, त्यांना मी जमेल तेव्हा जातो. हा वाद्यवृंद २००६ साली स्थापन झाला. सकाळी डेक्कन क्वीनने जातो. मैफल सुटेपर्यंत परतीची डेक्कन क्वीन केव्हाच निघून गेलेली असते, म्हणून दादरहून शिवनेरीने मध्यरात्री घर गाठतो. आपल्या शहरात ड्वोर्झाकची नववी वाजणार आहे ही बातमी वाचून मला किती आनंद झाला, हे वेगळे सांगायला नको.

शिसपेन्सिल यांच्याशी एका बाबतीत माझा थोडा मतभेद आहे. माहितीमुळे ऐकणे समृद्ध होते हे खरे, पण प्रथमच ऐकणाऱ्याने एक तालीम तरी हातात काहीही काम न घेता प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून ऐकावी. विंगेत उभे राहिले की जवळचे वाद्य मोठे ऐकू येते आणि दूरचे हरवते. तिथे मिळते ती जवळीक, तोल मिळत नाही.

सवाईच्या श्रोत्याला यात परके वाटण्याचे कारण नाही. आरंभी ओबो एक लांब स्वर देतो आणि सगळे त्याला आपापले वाद्य जुळवून घेतात. ओबोचा स्वर भेदक आणि स्थिर असतो, वादकाला तो फारसा वरखाली करता येत नाही, म्हणून मान त्याचा. तानपुरे जुळत असताना मांडवात जी शांतता पसरते ती आठवा, म्हणजे हा क्षण तुमच्या ओळखीचाच निघेल. फरक पुढे आहे. आपल्याकडे गायक षड्ज लावून रागाची एकेक पायरी चढतो आणि आपण त्याच्यासोबत चढतो. इथे चार स्वतंत्र भाग आहेत आणि पहिल्या भागात ऐकलेली सुरावट चौथ्या भागात वेष बदलून पुन्हा भेटते. ड्वोर्झाकने तर मागच्या सर्व भागांतल्या सुरावटी शेवटच्या भागात एकत्र आणल्या आहेत. तेवढी ओळख पटली तरी शेवटची दहा मिनिटे अंगावर काटा येतो.

टाळ्यांविषयी प्रेक्षक तुम्हाला विचारतील, म्हणून सांगतो. दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत हा संकेत आज सर्वत्र पाळला जातो, पण तो फार पुरातन नाही. डिसेंबर १८१३ मध्ये व्हिएन्नात बीथोव्हनची सातवी सिंफनी प्रथम वाजली तेव्हा तिच्या दुसऱ्या भागाला श्रोत्यांनी आपल्या संगीत नाटकासारखा 'वन्स मोअर' घेतला होता. ड्वोर्झाकची ही सिंफनी १६ डिसेंबर १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा सादर झाली, तेव्हाही भागाभागाला टाळ्या पडल्या. त्यामुळे पहिल्या भागानंतर कोणी भारावून टाळी वाजवली तर त्याच्याकडे वळून पाहू नये. अखेरीला मात्र प्रत्येकाने थांबायला हवे. तिचा शेवट दणक्यात होत नाही, फुंकवाद्यांचा एक लांब स्वर हळूहळू विरत जातो. कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत तो संपलेला नसतो.

पडद्याआड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. होकार कळवला आहे, ३८ स्टँड जमले आहेत आणि बिनहातांच्या खुर्च्या एका शाळेने दिल्या आहेत. एक शंका उरली आहे. नाटकात तिसरी घंटा झाली की पुढचे सगळे माझ्या हातात असते. इथे वादकांना, कॉन्सर्टमास्टरला आणि कंडक्टरला मंचावर कोण आणि केव्हा पाठवते?

शिसपेन्सिल

तुम्हीच पाठवायचे. तिसरी घंटा होऊ द्या, प्रेक्षागृहातले दिवे मंदावू द्या, वादक आधीच जागेवर असतील. मग कॉन्सर्टमास्टरला सोडा. तो ओबोकडे पाहील, स्वर जुळतील, तो बसेल. पूर्ण शांतता झाल्यावरच कंडक्टरला वाट मोकळी करून द्या. शांततेपूर्वी सोडलेत तर तो गडबडीत पोहोचतो आणि उशीर केलात तर वादकांचे हात गार पडतात. शेवटी टाळ्या चालू असताना तो आत येईल, घामाने निथळत असेल, त्याच्या हातात टॉवेल आणि पाणी द्या आणि टाळ्यांचा भर ओसरण्यापूर्वी त्याला पुन्हा बाहेर पाठवा.

आणखी एक. ड्वोर्झाकच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस मोजकीच तंतुवाद्ये उरतात आणि ती वाजता वाजता मध्येच थांबतात. वादन अडल्यासारखे वाटेल, पण ते तसेच लिहिलेले आहे. त्या थांब्यांत विंगेतल्या पंख्याची घरघरदेखील शेवटच्या रांगेत पोहोचते. दुसरा भाग सुरू होण्यापूर्वी पंखे बंद करा आणि दाराच्या कडीला रुमाल बांधा.

पडद्याआड

मैफल काल झाली. वचन दिले होते म्हणून सविस्तर लिहिते.

मंगळवारची तालीम मी शेवटच्या रांगेत बसून, वही बंद ठेवून ऐकली. श्रोता यांचे म्हणणे पटले. डबल बास जमिनीतून येतात आणि व्हायोलिनी छताकडून येतात, असे मला तिथे बसून वाटले. विंगेतून हे कधीच कळले नसते. प्लायवूडच्या चौकटी मात्र त्या दिवशी आल्या नव्हत्या. बुधवारी त्या उभ्या केल्या आणि पहिला स्वर निघताच अर्ध्या वादकांनी मान वळवून मागे पाहिले.

मध्यंतराची मांडणी अकरा मिनिटांत झाली. एक खुर्ची कमी पडली, कारण इंग्लिश हॉर्नसाठी वेगळ्या वादक बाई येणार हे मला सांगितले गेले होते आणि तरीही मी ती खुर्ची यादीत चढवली नव्हती. जादा खुर्च्या विंगेत होत्या म्हणून निभावले.

ट्युबाचे काका साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी तालमीत मला सांगितले होते की या संपूर्ण सिंफनीत त्यांना फक्त दुसऱ्या भागात वाजवायचे आहे आणि तेही मोजके स्वर. पहिला भाग चालू असताना ते वाद्य मांडीवर घेऊन ताठ बसून होते. दुसऱ्या भागाच्या आरंभीचे ते गंभीर स्वर आले तेव्हा मी विंगेतून त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी श्वास घेतला आणि समोरच्या तीन ट्रॉम्बोनवाल्यांचे खांदेही त्यांच्याबरोबर वर गेले. त्यानंतर इंग्लिश हॉर्न सुरू झाला. पंखे बंद होते, कडीला माझी ओढणी बांधलेली होती आणि त्या भागाच्या शेवटी व्हायोलिनी थबकल्या तेव्हा बाहेर पाऊस पडतो आहे हे मला प्रथमच ऐकू आले. मग फक्त डबल बास उरले आणि तेही थांबले.

चौथ्या भागात झांज एकदाच वाजते आणि तीही हलक्या हाताने, हे मला आधी ठाऊक नव्हते. ट्रँगल आणि झांजा एकाच मुलाकडे होत्या, तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तालमीत तो दोनदा चुकला होता आणि संध्याकाळी त्याने मला विचारले होते की आपण मोजण्यात चुकलो तर प्रेक्षकांना कळेल का. मी त्याला काही उत्तर देऊ शकले नव्हते. चौथा भाग सुरू झाल्यावर मी माझी जागा सोडून त्याच्या बाजूच्या विंगेत गेले. त्याचे ओठ आकडे मोजताना हलत होते. तो उभा राहिला, झांजा एकमेकींना जेमतेम लागल्या, आवाज क्लॅरिनेटच्या आधी हवेत क्षणभर राहिला आणि त्याने त्या छातीशी धरून शांत केल्या. प्रेक्षागृहात कुणी मान वर केली नाही. तो खाली बसला आणि विंगेकडे पाहून हसला.

त्या वाद्यवृंदाची पुढची मैफल डिसेंबरात आहे. चेलोंसाठी रबर लावलेल्या फळ्या मी घरीच ठेवून घेतल्या आहेत.